पाण्याचा बंदोबस्त

ज्येष्ठात मुंबईवर पाऊस उतरला म्हणजे पुढचे चार महिने या शहरातील प्रत्येक धातूच्या वस्तूला पाण्याच्या अंमलाखाली दिवस काढावे लागतात. अंगावर पडणारा पाऊस निदान डोळ्यांना दिसतो आणि माणूस छत्री उघडतो. परंतु पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी आणणारी, मिठाच्या बरणीला पाणी सोडायला लावणारी आणि शिवणयंत्राच्या सुईवर पाहता पाहता तांबूस डाग उमटविणारी जी आर्द्रता घराघरातून संचार करीत असते, तिची चाहूल कोणाला लागत नाही. मनगटावरचे घड्याळ या दोन्ही पाण्यांच्या तोंडी असते, आणि त्यांच्या जोडीला घामाचे तिसरे, खारट पाणी रात्रंदिवस त्याला चिकटून राहते. अशा प्रदेशात घड्याळ वापरणाऱ्या मनुष्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे, असे मला दीर्घ सहवासानंतर वाटू लागले आहे. ती अशी की घड्याळाच्या पाठीवर कोरलेला जलरोधकतेचा निर्वाळा हा ते कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवसापुरताच खरा असतो, आणि त्यापुढील प्रत्येक दिवशी तो खरा ठेवण्याची जबाबदारी कारखानदाराची नसून ज्याच्या मनगटावर ते आहे त्याची असते.

माझ्या वापरातील घड्याळ क्रोनोग्राफ जातीचे आहे. चालू वेळ अखंड दाखवीत असताना, बटण दाबताच एखाद्या क्रियेला लागणारा काळ वेगळा मोजून देणारे, आणि दुसरे बटण दाबताच आपला काटा शून्यावर आणून पुन्हा हजर होणारे हे यंत्र मनुष्याच्या बुद्धीच्या अत्यंत सुंदर निर्मितींपैकी एक आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. १८१६ साली पॅरिसमध्ये लुई म्वाने या कारागिराने ग्रहताऱ्यांच्या वेधासाठी काळ मोजणारे एक यंत्र पूर्ण केले. पुढे १८२१ च्या सप्टेंबरात त्याच नगरीत निकोला रिअसेक याने घोड्यांच्या शर्यतीत आपले काळमापक प्रत्यक्ष वापरून दाखविले. विसाव्या शतकात हे यंत्र मनगटावर आले. ब्राइटलिंग या स्विस पेढीने १९१५ साली किल्लीपासून निराळे असे बटण त्याला दिले, आणि १९३४ साली दुसरे बटण देऊन आजचा परिचित आकार कायम केला. ही प्रगती खरीच. पण प्रत्येक नव्या बटणासाठी घड्याळाच्या भिंतीला एक नवे भोक पाडावे लागले, आणि पाण्याच्या दृष्टीने पाहता प्रत्येक भोक ही एक उघडी वाट होती.

साध्या घड्याळाचा प्रश्न त्यामानाने सोपा होता. रोलेक्सने १९२६ साली ज्या ‘ऑयस्टर’ घड्याळाची घोषणा केली त्यात काचेभोवतीचे कडे, पाठीचे झाकण आणि किल्ली ही तिन्ही आटे पाडून आवळण्याची तजवीज होती. पुढील वर्षाच्या २१ ऑक्टोबरला मर्सिडीज ग्लाइट्झे ही इंग्रज जलतरणपटू, आपल्या आधीच्या यशाविषयी उठलेल्या शंकांचे निरसन करण्यासाठी, पुन्हा इंग्लिश खाडीत उतरली तेव्हा तिने असे एक घड्याळ गळ्यात अडकविले होते. त्या थंडगार पाण्यात ती सुमारे दहा तास राहिली, पैलतीर मात्र तिला गाठता आले नाही, पण घड्याळ बिनचूक चालत राहिले. त्या घड्याळाची किल्ली आवळून ठेवता येत होती. क्रोनोग्राफचे बटण असे आवळून ठेवले तर ते दाबायचे कसे? जी वस्तू हलली पाहिजे तीच बंदही राहिली पाहिजे, हा या घड्याळाच्या रचनेतील मूळ पेच आहे. या पेचाचे मोल कारखानदार पुरते ओळखून होते. १९६९ साली हॉयर कंपनीने ‘मोनॅको’ नावाचा चौकोनी क्रोनोग्राफ काढला तो पिकेरेझ या कवच बनविणाऱ्या पेढीने चौकोनी आकारातही पाणी अडविण्याची युक्ती शोधली म्हणूनच. त्याच वर्षी जपानच्या सेइको कंपनीने ६१३९ या क्रमांकाचे स्वयंचलित यंत्र बाजारात आणले, आणि त्याच्या आरंभीच्या काही घड्याळांच्या तबकडीवर ७० मीटर पाण्याचा निर्वाळा छापला. माझे घड्याळ याच यंत्राचे आहे. त्याची किल्ली आत दाबली की तारीख बदलते, म्हणजे तिलाही बटणाचेच काम करावे लागते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडकोटांच्या रचनेविषयी जो विचार आला आहे, तो वाचताना मला या घड्याळाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष होय, म्हणून जागा पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात; मात्र त्यांपैकी रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्या अनुभवी मुत्सद्द्याचा अभिप्राय आहे. क्रोनोग्राफची काच आणि पाठीचे झाकण या चिणलेल्या वाटा होत. तेथील रबराची कडी एकदा दाबून बसविली म्हणजे ती वर्षानुवर्षे जागची हलत नाही. किल्ली आणि दोन बटणे हे मात्र राबत्याचे दरवाजे आहेत, आणि गनीम येतो तो बहुधा राबत्याच्याच दरवाजाने. दर दाबण्यासरशी बटणाची दांडी आपल्या बारीक नळीत आतबाहेर होते, दर वेळी ती रबरी कडीच्या अंगावरून घासते, आणि बाहेरच्या बाजूस जर धूळ व घामाचे मीठ साचले असेल तर ते त्या कडीखाली ओढून नेते. ज्याला आपल्या घड्याळाची काळजी वाहायची आहे त्याने आपला सगळा पहारा प्रथम या तीन दरवाजांवर बसविला पाहिजे.

घड्याळावरील आकड्यांचा अर्थ समजून घेणे हेही त्या पहाऱ्याचेच अंग आहे. दहा मीटर पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका असतो. त्या हिशेबाने ३० मीटर म्हणजे तीन वातावरणांचा दाब. परंतु हा दाब प्रयोगशाळेत, घड्याळ नवे असताना आणि स्थिर स्थितीत दिलेला असतो. साध्या घड्याळांसाठी २०१० साली ठरलेल्या २२८१० क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकात ज्या कसोट्या आहेत त्या वाचल्या म्हणजे घड्याळाचे खरे शत्रू कोण हे ध्यानात येते. दहा सेंटिमीटर पाण्यात एक तास बुडवून ठेवणे ही त्यांतील एक कसोटी. तेवढ्याच पाण्यात असताना किल्लीवर आणि बटणांवर आडवा जोर देऊन दहा मिनिटे पाहणे ही दुसरी. आणि चाळीस अंश, वीस अंश व पुन्हा चाळीस अंश अशा ऊनथंड पाण्यांत पाच-पाच मिनिटे ठेवणे ही तिसरी.

या तिसऱ्या कसोटीचे मर्म फार थोड्यांना ठाऊक असते. वैशाखाच्या उन्हात मनगटावरील घड्याळ चाळीस अंशांपर्यंत तापले आणि त्याच हाताने कोणी पंचवीस अंशांच्या पाण्यात उडी घेतली, तर कवचातील हवा आकुंचन पावून तिचा दाब सुमारे पाच टक्क्यांनी उतरतो. म्हणजे अर्धा मीटर पाण्याचा जादा भार घड्याळावर आपोआप येऊन पडतो, आणि जेथे कडी सैल असेल तेथून पाणी आत शोषले जाते. ऊनऊन पाण्याने साबण लावून केलेले स्नान तर पावसाहून अधिक घातक. कारण उष्णतेने रबर व धातू निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, वाफ पाण्याला बंद असलेल्या फटीतूनही वाट काढते, आणि साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन ते एरवी जेथे शिरले नसते तेथे शिरते. घड्याळावर शंभर मीटर लिहिलेले असो वा दोनशे, स्नानघराबाहेर ते उतरवून ठेवणे हा शिरस्ता मी निरपवाद मानतो. त्याचप्रमाणे पाण्यात असताना बटण दाबायचे नाही आणि किल्ली ओढायची नाही, हेही निरपवादच.

आता त्या रबरी कडीविषयी, जिच्यावर हा सारा बंदोबस्त उभा आहे. ही कडी पाणी अडविते ती केवळ आपल्या स्थितिस्थापकतेच्या बळावर. दोन धातूंच्या मध्ये दाबली गेल्यावर पुन्हा आपल्या मूळ आकाराकडे येण्याची जी ओढ तिच्यात असते, तीच दोन्ही बाजूंची फट भरून काढते. पण वर्षानुवर्षे दाबलेल्या स्थितीत राहिल्यावर, उष्णतेने, घामाने, अत्तरांनी आणि हवेतील प्राणवायूने ही ओढ क्षीण होत जाते. कडी चपटी होते, टणक होते, आणि दिसायला जागच्या जागी असूनही कर्तव्यातून निवृत्त झालेली असते. जुन्या घड्याळांत तर तिची अवस्था अधिकच शोचनीय आढळते. पाठीचे झाकण उघडून भिंगातून पाहावे तो खोबणीत कडी उरलेलीच नसते. तिच्या जागी डांबरासारखा एक काळा, चिकट लेप धातूला धरून राहिलेला असतो. लाकडाची टोकदार काडी त्यावरून फिरविली की त्याचे बारीक तंतू निघतात, आणि त्या तंतूंच्या खाली पोलादावर जेथे घामाचे पाणी पोहोचले तेथे सुईच्या टोकाएवढे खोल ठिपके पडलेले दिसतात. हे ठिपके एकदा पडले म्हणजे नव्या कडीलाही तेथे पूर्ण टेकता येत नाही. म्हणून कडी बदलण्याची वेळ ही ती निकामी झाल्यावर येत नसते. त्याच्या पुष्कळ आधी येते, आणि ती ओळखणे हे मालकाचे काम आहे.

पाठीचे झाकण आट्यांचे असेल आणि हात स्थिर असेल, तर ही एक कडी घरी बदलणे सामान्य मनुष्याच्या आटोक्यातील आहे. झाकणाला ओरखडा न पाडता ते फिरविण्यासाठी घड्याळजींकडे रबराचा एक चिकट चेंडू असतो. तो झाकणावर दाबून फिरविला की फार न आवळलेले झाकण सुटते. खोबणी लाकडी काडीने निपटून घ्यावी, मऊ कापडाला किंचित स्पिरिट लावून पुसावी, परंतु त्याचा थेंबही यंत्राकडे जाऊ देऊ नये. नवी कडी व्यासाने आणि जाडीने मूळ कडीबरहुकूम असली पाहिजे. जाडीत मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाचा फरक पडला तरी झाकण पुरते बसत नाही, किंवा आवळताना कडी पिळवटून खोबणीबाहेर येते. तिला सिलिकॉन ग्रीसचा हात द्यायचा तोही इतकाच की काळ्या रबरावर ओलसर चकाकी यावी. हे ग्रीस कडीला झाकणाबरोबर पिळवटू देत नाही आणि रबराला शुष्क होऊ देत नाही. पाणी अडविण्याचे मूळ काम मात्र कडीचेच असते, आणि मेलेली कडी कितीही ग्रीस चोपडले तरी जिवंत होत नाही. कडी स्वतःच सिलिकॉनची असेल तर हे ग्रीस तिला फुगविते, म्हणून कडी कशाची आहे याची चौकशी आधी करावी.

हे काम कोणत्या दिवशी करावे यालाही महत्त्व आहे. पावसाळ्यात तीस अंश उष्णतेच्या आणि ऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेत घड्याळ उघडून पुन्हा बंद केले, तर तीच हवा आत कोंडली जाते; तिचा दवबिंदू सुमारे सव्वीस अंश असतो, आणि वातानुकूलित कचेरीत काच त्याहून थंड होताच तिच्या आतल्या अंगावर धुके धरते. मालक घाबरतो की पाणी शिरले. वस्तुतः ते पाणी त्याने स्वतःच्या हाताने आत ठेवलेले असते. हेच काम कोरड्या दिवशी, हवेतील आर्द्रता निम्म्यावर असताना केले तर दवबिंदू अठरा अंशांच्या आसपास राहतो आणि ही आपत्ती टळते. म्हणून मी हा उद्योग पाऊस येण्याच्या पुष्कळ आधी, माघ-फाल्गुनाच्या कोरड्या दुपारी, पंखा बंद करून आणि मेजावर धुतलेले पांढरे वस्त्र अंथरून उरकतो.

झाकणाची कडी वर्षातून एकदा पाहायची. बटणांची सेवा मात्र नित्याची. समुद्रावरून आल्यावर आणि घामाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, कडी व झाकण सुस्थितीत आहेत याची खात्री असेल तर, घड्याळ गोड्या पाण्याच्या मंद धारेखाली धरावे. ही खात्री नसेल, आणि जुन्या घड्याळाबाबत ती सहसा नसतेच, तर धार टाळून ओलसर कापडाने पुसावे. मग भिंगाखाली बटणाची मान पाहावी. बटणाचे डोके आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी जी फट असते, तीत करड्या-हिरवट रंगाची एक पेस्ट जमलेली आढळते. कातडीचा कोंडा, साबण, धूळ आणि मीठ यांचे ते मिश्रण असते. ओल्या कापडावर टोक मऊ करून घेतलेली दातकोरणी त्या फटीतून बटण न दाबता गोल फिरवावी, आणि टोकाला आलेला मळ दर फेरीला पुसून टाकावा. मळ निघण्यापूर्वी बटण दाबणे म्हणजे तो आपल्या बोटाने आत लोटणे होय. हे काम सावकाश करावे लागते. पण ते झाल्यावर जेव्हा बटण पूर्वीसारखे टक् करून बसते आणि त्याच जोराने परत येते, तेव्हा बोटाला जो प्रत्यय येतो तो समाधान देणारा असतो. बटण रेंगाळत परत येऊ लागले तर तो इशारा समजावा आणि त्या दिवसापासून घड्याळ पाण्यापासून दूर ठेवावे.

येथपर्यंत मालकाचा अधिकार चालतो; यापुढे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जुन्या क्रोनोग्राफांत बटणाची दांडी बहुधा आतल्या बाजूने धातूच्या एका चिमुकल्या चापाने अडकविलेली असते; ती काढण्यासाठी संपूर्ण यंत्र कवचाबाहेर घ्यावे लागते, आणि ते काम शिकलेल्या हाताचेच आहे. तसेच घड्याळ पाणी अडविते की नाही याचा दाखला घरी मिळत नाही. दुकानात घड्याळ एका बंद पात्रात ठेवून हवेचा दाब वाढवितात आणि त्या दाबाखाली कवच किती मायक्रोमीटर दबले व दबलेलेच राहिले का, हे उपकरण मोजते. हवा आत शिरत असेल तर कवच हळूहळू पूर्ववत होऊ लागते आणि दोष उघड होतो. या तपासणीत घड्याळाला पाण्याचा स्पर्शही होत नाही. घरी करण्याजोगी चाचणी एकच, आणि तीही पाणी शिरले आहे काय एवढेच सांगणारी. घड्याळ चाळीस ते पंचेचाळीस अंशांपर्यंत ऊन करावे, काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब मिनिटभर ठेवावा आणि पुसून पाहावे; थेंबाखाली काचेच्या आतून धुक्याचे वर्तुळ उमटले तर आत ओल आहे. हीच रीत मानकातही अंतिम निर्णयासाठी सांगितलेली आहे. असे वर्तुळ दिसल्यावर घड्याळ तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्यात अर्थ नाही, कारण जी फट पाण्याला आत येऊ देते ती त्याला सहज बाहेर जाऊ देत नाही. आणि पाणी समुद्राचे असेल तर काट्यांच्या मुळाशी व पोलादी चाकांच्या दातांवर गंज चढायला काही तास पुरतात. अशा वेळी विलंब न लावता घड्याळजी गाठावा.

इतक्या लहान वस्तूसाठी एवढी खटपट कशाला, असा प्रश्न समंजस माणसेही विचारतात. माझे उत्तर असे की आपल्या हाती येणाऱ्या बहुतेक वस्तूंचे गुण हे त्यांच्यात कायमचे भरून ठेवलेले नसतात; ते कोणाच्या तरी नियमित लक्षामुळे टिकून राहतात, आणि ते लक्ष सुटताच वस्तू बाहेरून तशीच दिसत असूनही आतून बदलू लागते. घड्याळाच्या पाठीवरचा आकडा पुसला जात नाही, हाच त्यातला धोका आहे. कडी झिजते, आकडा झिजत नाही. आणि जो केवळ आकड्यावर विसंबतो तो वास्तविक कित्येक वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या जामिनावर विसंबत असतो. उलट जो वर्षातून एकदा झाकण उघडतो, बटणाची मान स्वच्छ ठेवतो, आपल्या हाताची मर्यादा ओळखून उरलेले काम जाणत्याच्या स्वाधीन करतो आणि दाखला मिळेपर्यंत घड्याळ पाण्यापासून दूर ठेवतो, त्याला आपल्या घड्याळाविषयी जे ठाऊक असते ते छापील आकड्याहून पुष्कळ अधिक भरवशाचे असते.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्याजवळ क्रोनोग्राफ असेल, विशेषतः वडिलांकडून अथवा आजोबांकडून आलेला असेल, तर मृग लागण्यापूर्वी तो एकदा भिंगाखाली धरावा, त्याच्या पाचही वाटा तपासाव्यात, कडी केव्हा बदलली याची आठवण नसेल तर ती बदललीच नाही असे समजून चालावे, आणि दाबाची तपासणी करून घेऊन त्या दिवसाची तारीख एका चिठ्ठीवर लिहून घड्याळाच्या डबीत ठेवावी. ज्या घड्याळाची अशी चिठ्ठी नाही ते पाण्यात नेऊ नये.